वाई ते पाटण : डोंगरधारेवरचा शिधा

शुक्रवार, सातारा

वाईहून कमळगड, कोल्हेश्वरचं पठार, महाबळेश्वर, तापोळा, बामणोली, कास, सातारा, सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडीचा सडा (म्हणजे उघड्या कातळाचं पठार), दातेगड आणि शेवटी पाटण. नकाशावर बोट फिरवलं तर सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगानं वरून खाली जाणारी ही एक रेघ होते. एका दिवसाचा गड असेल तर डब्यात पोळीभाजी भरली की झालं. सलग चालायचं म्हटलं की वाटेच्या आधी शिध्याचा विचार करावा लागतो. खायचं काय, पाणी कुठे, आणि बूट फाटला किंवा गॅस संपला तर पुढची सोय कुठे.

भाचा अमेरिकेतल्या लांब पायवाटांबद्दल बरंच वाचून आला होता. तिथली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल मेक्सिकोच्या सरहद्दीपासून कॅनडाच्या सरहद्दीपर्यंत जाते, जवळजवळ ४२६५ किलोमीटर. चालणारे लोक घरी बसून खोकी भरतात आणि वाटेवरच्या गावांतल्या पोस्टात स्वतःच्याच नावानं पाठवून ठेवतात. काही जण तर एकच खोकं पोस्टामार्फत पुढच्या गावी ढकलत नेतात. त्यात चार्जर, जादा मोजे, औषधं असं रोज न लागणारं सामान असतं.

"मावशी, आपणही प्रत्येक मुक्कामाला एक खोकं आधीच पोचवून ठेवू," तो म्हणाला.

कल्पना चांगली होती, पण आपल्या डोंगराला ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तिकडे दोन गावांत शंभर-दीडशे किलोमीटर रान असतं. आपल्याकडे धारेवर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना गावं दिसतात, कुत्र्यांचं भुंकणंही ऐकू येतं. अडचण आडव्या अंतराची नाही, उभ्या अंतराची आहे. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास. कोयना धरण पूर्ण भरलं की पाण्याची पातळी २१६३ फूट, म्हणजे साधारण ६६० मीटर. कासचं पठार परत १२०० मीटरच्या घरात. दुकान नकाशावर तीन किलोमीटरवर दिसतं, पण ते पाचशे मीटर खाली असतं. तेलाच्या एका पिशवीसाठी उतरून परत चढायचं म्हणजे अर्धा दिवस गेला.

म्हणून आमचं असं ठरलं, की वाट जिथे मुळातच खाली उतरते किंवा बाजारातून जाते, तिथेच शिधा घ्यायचा. जे गावच्या दुकानात हमखास मिळतं ते तिथेच विकत घ्यायचं, आणि जे मिळत नाही तेवढंच आधी नेऊन ठेवायचं. वाडीतल्या दुकानात पोहे, रवा, साखर, चहापत्ती, तेल, मीठ, कांदे-बटाटे, अंडी, पार्ले-जी, नूडल्सची पाकिटं आणि काडेपेटी असते. गॅसची कुपी नसते. दूध पावडर, बेदाणे, टॉर्चचे सेल, पायाला लावायची चिकटपट्टी, क्षारसंजीवनीची पाकिटं यांचा भरवसा नसतो. ठेवायच्या डब्यात काय जाणार ते या दुसऱ्या यादीनं ठरवलं.

संध्याकाळ स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासमोर गेली. पाठीवर ओझं घेऊन दिवसभर चढ-उतार करणाऱ्या माणसाला तीन हजारांच्या वर उष्मांक सहज लागतात. शंभर ग्रॅम तांदूळ, पोहे किंवा रवा यांतून साडेतीनशेच्या आसपास मिळतात. तेवढ्याच शेंगदाण्यांतून साडेपाचशेच्या वर, सुक्या खोबऱ्यातून साडेसहाशे, तुपातून तर नऊशे. म्हणजे आपल्या आजीच्या फडताळात जे होतं तेच पाठीला हलकं आणि पोटाला भारी. दाण्याचा कूट, गूळ, भाजलेले तीळ, खोबरं, खारीक, तूप, तासगावचे बेदाणे. माणशी रोज साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोरडा शिधा धरला आणि उरलेली भूक वाटेतल्या भाकरीवर सोपवली.

संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे गूळपोळ्या होत्या. कोरड्या भाजलेल्या, तीळ-बेसनाच्या सारणाच्या गूळपोळीसारखं चालणाऱ्याचं अन्न नाही. आठ दिवस टिकते, चुरा झाला तरी खाता येते, गरम करावी लागत नाही. दशमी दोन दिवसांत संपवायची. धपाटे पहिल्याच दिवशी. त्यानंतर खिचडी, उपमा, आणि हुलग्याचं माडगं. हुलग्याचं पीठ घरूनच खरपूस भाजून, त्यात गूळ आणि सुंठ घालून ठेवलं की उकळत्या पाण्यात पाच मिनिटांत माडगं तयार. थंडीत रात्री ते पोटात गेलं की अंगात ऊब येते.

कोरेगावचा वाघ्या घेवडा न्यावा असं फार मनात होतं. पण तो शिजवायला जेवढा गॅस जातो तेवढ्यात तीन वेळची खिचडी होते. घेवडा घरीच राहिला.

शनिवार, बामणोली आणि ठोसेघर

गॅसच्या कुप्या पोस्टानं जात नाहीत आणि एसटीतही ज्वालाग्राही वस्तू नेऊ देत नाहीत. म्हणून स्कूटर काढली. सकाळी यवतेश्वरचा घाट चढून कासवरून बामणोली, दुपारी परत येऊन ठोसेघर.

डबे पत्र्याचे घेतले, घट्ट झाकणाचे, तेलाचे असतात तसे. प्लास्टिकचा डबा उंदीर एका रात्रीत कुरतडतो आणि पुठ्ठ्याला तर घुशी आवतण दिल्यासारख्या येतात. आत प्रत्येक दिवसाची वेगळी पिशवी, पिशवीवर वार. अन्न आणि साबण कधीच एका डब्यात ठेवायचे नाहीत, चार दिवसांत पोह्यांना साबणाचा वास लागतो. गॅसची कुपी डब्यात न घालता वेगळी दिली, चुलीपासून लांब, पडवीत ठेवायला. झाकणावर भाच्यानं मोठ्या अक्षरांत आमची नावं, येण्याचा वार आणि 'चार दिवस वाट पाहून आम्ही आलो नाही तर आतलं सगळं तुम्ही वापरा' असं लिहिलं. हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. कुणाच्या घरात आपला डबा बेवारस पडून राहू नये.

बामणोलीतल्या काकूंची ओळख जुनी. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात, म्हणून स्टीलच्या वाट्या वाण म्हणून नेल्या होत्या. काकूंनी वाटी कपाळाला लावली आणि डबा माजघरात मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवला. पैशांचं मात्र मी आधीच बोलून घेतलं.

"काकू, चहाचे देत नाही मी. पण डबा सांभाळायचे घ्यायचेच, नाहीतर पुढच्या वेळी आणणार नाही."

"डबा काय चारा खातोय व्हय?" त्या म्हणाल्या. पण घेतले. हे नीट बोलून घ्यावंच. पाहुणचार वेगळा आणि आपलं काम वेगळं. आज आपण फुकट डबा ठेवून गेलो की उद्या दहा जण येऊन ठेवतील, आणि भार त्या घरातल्या बाईवर पडेल.

बामणोलीच्या धक्क्यावर वासोट्याला जाणाऱ्या लाँच लागल्या होत्या. पाण्यापलीकडचं ते सगळं रान कोयना अभयारण्याचं. चांदोली राष्ट्रीय उद्यानासह ते २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. तिथे वनखात्याची परवानगी काढून दिवसा जाऊन परत यायचं, मुक्काम नाही. आमची वाट मुद्दाम या अलीकडच्या धारेवरून आखली होती. वाघा-गव्यांच्या रानात डबे पुरून ठेवणं, चूल पेटवणं याचा विचारही करू नये.

ठोसेघरचा डबा एका शेतकऱ्याच्या घरी ठेवून अंधार पडता पडता घरी आलो.

रविवार, वाई ते वासोळे

पहाटेच वाई गाठली. मांढरदेवची काळूबाईची यात्रा नुकतीच झालेली, त्यामुळे स्टँडवर अजून भंडाऱ्याचा वास होता. ढोल्या गणपतीला नमस्कार करून पाठपिशव्या चढवल्या. १७६२ सालचं हे देऊळ कृष्णेच्या घाटावर बांधलेलं आहे आणि पुराच्या पाण्याचा मारा दुभंगावा म्हणून त्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे.

वाईच्या बाजारात फक्त हिरव्या मिरच्या, आलं, लिंबं आणि काकड्या घेतल्या. ताज्या वस्तू पहिल्या दोन दिवसांपुरत्याच. मग मेणवली, धोम आणि धरणाच्या पाण्याकडेनं डांबरी रस्ता. या दिवसाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. डांबरावर पाय लवकर भरून येतात, ऊन लागतं, आणि धपाटे संपतात. वासोळ्यात ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि उद्यासाठी वाट माहीत असलेले एक मामा ठरवले.

सोमवार, कमळगड

गावाबाहेर पडल्यावर चढ सुरू होतो आणि रान दाट होत जातं. गोरक्षनाथाच्या देवळापाशी पिशव्या ठेवल्या, गडावर फक्त पाणी आणि खिशात चिक्की. कमळगडावर तटबुरूज असं काही उरलेलं नाही. पाहायची ती गेरूची विहीर. खडकात उभी भेग, तिच्यात उतरणाऱ्या पन्नासाच्या वर पायऱ्या, दोन्ही अंगांना लालभडक कावेच्या भिंती. खाली उतरत जावं तसा गारवा वाढतो. बोट भिंतीला लावलं की गेरू चिकटतो. ते पाणी आम्ही आमच्या हिशेबात धरलं नव्हतं.

पाणी हाच कोल्हेश्वरच्या पठाराचा खरा प्रश्न. कमळगडापासून महाबळेश्वरपर्यंत हे पठार पसरलंय. एका अंगाला कृष्णेचं खोरं, दुसऱ्या अंगाला वाळकीचं. वर दाट झाडी, ढोरवाटांचं जाळं, आणि मध्ये दुकान नाही की हातपंप नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. माणशी चार लिटर घेतलं की दोन दिवसांच्या शिध्यापेक्षा पाणीच जड होतं. म्हणून या टप्प्यावर आम्ही शिजवायचं अन्न जवळजवळ नेलंच नाही. गूळपोळी, तूप, शेंगदाण्याची चटणी, खजूर. कोरडं खाल्लं की भांडी घासायला पाणी लागत नाही, हे बऱ्याच जणांच्या याद्यांत नसतं.

रात्री धनगराच्या घरी थांबलो. आजींनी म्हशीचं दूध तापवून दिलं आणि नाचणीची भाकरी टाकली. झऱ्याचं पाणी भरायला त्यांची परवानगी घेतली. जनावरं आधी, मग माणसं, मग आम्ही. जानेवारीतला झरा बारीक असतो. आमच्या आठ बाटल्या भरायला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ आजी तिथे बसून कुठल्या साली झरा कधी आटला ते सांगत होत्या. कुठल्याही नकाशात न सापडणारी ही माहिती भाच्यानं वहीत उतरून घेतली. पाण्याच्या जागांपुढे महिना लिहिलेला असावा. 'इथे पाणी आहे' एवढ्यानं काही कळत नाही. नोव्हेंबरला आहे की मार्चला, हे कळलं पाहिजे.

मंगळवार, कोल्हेश्वर ते क्षेत्र महाबळेश्वर

मामा पुढे, आम्ही मागे. अंजन, जांभूळ, गेळा, कारवीची दाटी. गव्याचे ताजे पो दिसल्यावर मामांनी बोलणं बंद करायला सांगितलं.

दुपारी भाच्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटला. नवाच बूट, दुकानदारानं डोंगरासाठीचा म्हणून दिलेला. माझ्याकडे नायलॉनची सुतळी, दाभण आणि रबरी चिकटपट्टी असते. तळ आणि वरचा भाग पट्टीनं गुंडाळून, वर सुतळीचे तीन वेढे देऊन गाठ बुटाच्या बाजूला मारली. तळाखाली गाठ आली की ती दगडाला घासून तुटते. त्या बांधणीवर तो संध्याकाळपर्यंत चालला.

क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या धारा एकत्र येतात. चार लिटर पाणी पाठीवर मोजून वापरल्यावर गोमुखातून अखंड पडणारी ती धार पाहून हात आपोआप जोडले गेले. मामांना इथूनच एसटीत बसवून दिलं. त्यांची दोन दिवसांची मजुरी आणि परतीचं भाडं.

बुधवार, महाबळेश्वर

पहिला मोठा बाजार. महाबळेश्वरात चणे, चिक्की, जॅम, चपला, टोप्या ढीगभर मिळतात, पण ट्रेकच्या सामानाचं म्हणाल तर फारसं काही नाही. हे माहीत होतं, म्हणून इथल्या यादीत खाण्याच्याच वस्तू होत्या. वर बुटाची भर पडली.

बाजारपेठेच्या टोकाला एक चर्मकार दादा बसतात. त्यांनी पट्टी कापली, तळ उघडून आतला जुना सोलूशनचा थर खरवडून काढला, नवा लावला आणि वाळू दिला. मग नुसत्या चिकटवण्यावर न थांबता आरीनं कडेकडेनं पूर्ण टाके घातले, मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्यानं. प्रत्येक टाका ओढताना दोरा हाताला दोन वेढे घेऊन घट्ट करत होते.

"चिकटवलेला तळ पाण्यात सुटतो. शिवलेला सुटत नाही. दुसराही द्या," ते म्हणाले.

"तो तर चांगला आहे, दादा."

"एकाच कारखान्यातले हायेत ना दोन्ही?"

दुसराही शिवून घेतला. नव्या बुटाचे तळ निघण्याआधीच शिवून घ्यावेत, हे आता माझ्या यादीत कायमचं गेलं.

याच तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मधाची छोटी बाटली घेतली, पण काचेतून प्लास्टिकच्या बाटलीत ओतून. स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात होता. त्या पाठीवर टिकत नाहीत, म्हणून तिथेच बसून पोटभर खाल्ल्या. दुपारी तापोळ्याची वाट धरली आणि उतारावरच्या एका वाडीत मुक्काम केला.

गुरुवार, तापोळा

दिवसभर उतार. दुकानातून अंडी आणि कांदे घेतले. तापोळ्याला कोयना आणि सोळशीचा संगम होता, आता त्यावर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, पसरलाय. इथून बामणोलीला लाँचनं गेलो. पाणी आडवं आलं की होडीत बसायचं, खोऱ्यातली माणसं धरण झाल्यापासून तेच करतात, आणि सलग चालीत मी ते धरते.

शुक्रवार, बामणोली ते कास

काकूंनी डबा खाली काढून दिला. झाकण घट्ट बसलं होतं, चमच्याच्या टोकानं उचकटावं लागलं. आतून मेतकुटाचा वास आला. बाहेरच्या पोत्याला कोपऱ्यात उंदरानं भोक पाडलं होतं, पत्र्यावर नुसते दातांचे बारीक ओरखडे. आतलं सगळं कोरडं. नवे मोजे, सेल, दूध पावडर, बेदाणे, मेतकूट, आणि पडवीतून गॅसची कुपी.

गॅसचा हिशेब इथे ताडून पाहिला. वारा नसेल तर एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम गॅस जातो. २३० ग्रॅमच्या कुपीत पंधरा-सोळा लिटर. दोघांना रोज तीन लिटरच्या आसपास, म्हणजे पाच दिवस. पण धनगरवाड्यावर आणि वाड्यांवर चूल मिळाली, त्यामुळे पहिली कुपी अजून अर्धी होती. भाच्यानं दोन्ही हातांत धरून वजन केलं आणि नवी कुपी काकूंकडेच ठेवावी असं सुचवलं. मी नको म्हटलं. पुढे चाळकेवाडीच्या सड्यावरचा वारा होता.

जी वस्तू उरली ती मात्र पुढे न्यायची नाही. एक किलो तांदूळ काकूंना दिला. त्यांनी बदल्यात नाचणीचं पीठ पुढे केलं, ते पावशेरच घेतलं. मळकट कपडे आणि वाचून झालेले नकाशे डब्यात घालून डबा साताऱ्याला येणाऱ्या त्यांच्या मुलाबरोबर द्यायला सांगितला. कचऱ्याची पिशवी आमच्याबरोबर.

अंधारीवरून कासचा चढ. आदल्या दिवशी जेवढं उतरलो होतो त्यातलं बरंचसं परत चढायचं, आणि पाठीवर नुकताच भरलेला शिधा. म्हणून चढाच्या पायथ्याशी डबा असेल तर तो अर्धाच भरावा, पुढचा बाजार जवळ असेल तर पाव. आमचा बामणोलीचा डबा दोनच दिवसांचा होता, कारण पुढे सातारा होता.

शनिवार-रविवार, सातारा

कासच्या पठारावर जानेवारीत फुलं नसतात; वाळलेलं गवत आणि जांभ्याचे उघडे कातळ. त्या पठाराकडे पाहायला मला हाच महिना आवडतो. कासच्या तलावाचं पाणी सातारा शहराला येतं, म्हणजे त्या दिवशी आम्ही बाटलीत जे भरलं तेच पाणी घरच्या नळाला.

घरी आल्यावर सगळं सामान गच्चीवर पसरलं. अशा चालीत मध्ये एक पूर्ण दिवस सामानासाठी ठेवावा. झोपायच्या पिशव्या उन्हात, तंबूच्या शिवणी तपासून, स्टोव्हचं तोंड बारीक सुईनं साफ करून, बाटल्या सोड्यानं धुऊन. भाच्यानं दिवसभर पाय पाण्यात ठेवून टाचांना खोबरेल चोळलं. मोती चौकातून कंदी पेढे आणले. खवा चांगला आटवलेला असतो, थंडीत तीन-चार दिवस सहज राहतो, आणि दुपारच्या चढावर अर्धा पेढा पुरतो.

तंबू मात्र घरीच ठेवला. पुढच्या दोन्ही मुक्कामांना छप्पर मिळणार होतं, फक्त सड्यावरच्या रात्रीचा प्रश्न होता, आणि तिथेही एका शाळेच्या ओसरीची सोय फोनवर झाली. दोन किलो कमी झाले. त्या जागी पाणी.

सोमवार, सज्जनगड

बोगद्यातून बाहेर पडून परळीकडे. सज्जनगडावर समर्थांची समाधी आहे, १६८२ सालची. इथे दुपारी आणि रात्री महाप्रसाद असतो आणि राहायला भक्तनिवास. पानात भात, आमटी आणि गव्हाची खीर वाढली गेली. पंक्तीत बसून जेवलो, देणगीची पावती केली, आणि शिध्याच्या पिशवीला त्या दिवशी हातही लावला नाही. आपल्या मुलखात अशी देवस्थानं वाटेवर असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पंढरीच्या वाटेवर लाखो माणसं जवळजवळ तीन आठवडे चालतात आणि त्यांच्या पाठीवर मोठी पिशवी नसते. दिंडीतल्या ट्रकमध्ये शिधा, पुढच्या गावात पंगत, तंबू आधी जाऊन लागलेले. लांबच्या चालीचा पुरवठा कसा करावा हे शिकायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही.

मंगळवार, ठोसेघर

दुसरा डबा. इथल्या घरात तात्या आणि त्यांची सून. डबा धान्याच्या कणगीशेजारी ठेवलेला, वर दगड. आत सड्यासाठी लागणारं सगळं: वाऱ्याला आड करायचे जाड पत्र्याचे तुकडे, कानटोप्या, ओठांना लावायला तूप-मेण, आणि दोन दिवसांचं कोरडं अन्न.

तात्यांनी नकाशावर हात ठेवून सांगितलं, "वरती पाणी कुटं धरू नका. इथनंच न्या. पवनचक्कीवाल्यांचा टँकर दिसला तर त्येचा, नाहीतर न्हाई."

बुधवार, चाळकेवाडीचा सडा

चाळकेवाडीपासून वनकुसवड्याकडे पसरलेला सडा आणि त्यावर नजर जाईल तिथवर पवनचक्क्या. पायाखाली जांभा. पावसाळ्यात इथे जागोजागी पाणी साचतं, जानेवारीत कातळ खडखडीत. झाड नाही, सावली नाही, वारा थांबत नाही. चालायला सपाट, पण वारा अंगातलं पाणी ओढून घेतो आणि थंडीमुळे तहान लागल्याचं कळत नाही. म्हणून दर तासाला घोटभर प्यायचं असं घड्याळ लावून ठरवलं. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. क्षारसंजीवनीची पाकिटं संपली तरी हे करता येतं.

स्टोव्ह एका बांधाआड, पत्रे लावून पेटवला. तरी ज्योत आडवी होत होती आणि पाणी उकळायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. बामणोलीहून वाहून आणलेली कुपी इथे कामी आली. खिचडी अर्धवट शिजल्यावर भांडं झोपायच्या पिशवीत गुंडाळून ठेवलं, वीस मिनिटांत आतल्या वाफेवर फुलली.

शाळेच्या ओसरीवर रात्र. पात्यांचा आवाज रात्रभर.

गुरुवार, दातेगड ते पाटण

सडावाघापूरच्या बाजूनं पठार उतरत दातेगडावर आलो. कातळातला गणपती आणि मारुती, आणि तलवारीच्या आकाराची खोदलेली विहीर. पायऱ्या उतरून तळाशी गेलं की पाणी. कोरड्या सड्यावरून आल्यावर ती विहीर पाहिली की गड इथे का राहिला ते कळतं. पाण्याशिवाय शिबंदी कुठली? टोळेवाडीवरून पाटणला उतरलो, एसटी स्टँडजवळ गरम भजी आणि चहा.

तिथेच पिशव्या उपसून उरलेलं वजन केलं. छोटा काटा भाच्यानं सातारहून आणला होता. दोघांत मिळून पाऊण किलोच्या आत अन्न उरलं: थोडे शेंगदाणे, गुळाचा खडा, मुठभर बेदाणे, माडग्याचं पीठ. म्हणजे वाटेत कुठे पुरवठा हुकला असता तरी एक वेळ निभावली असती. एवढंच उरावं. माडगं इतकं उरलं कारण लोकांनी रात्री जेवल्याशिवाय सोडलं नाही. पुढच्या खेपेला ते निम्मं.

पुढची चाल पाटणहून मोरगिरी, ढेबेवाडी आणि मग सांगली जिल्ह्यात शिराळ्याकडे, फेब्रुवारीत. तोवर ऊन वाढेल आणि झरे आणखी बारीक होतील, म्हणून पाण्यासाठी दोन जादा बाटल्या. पाटणमध्ये भाच्याच्या मित्राच्या घरी ठोसेघरचा रिकामा डबा ठेवला. आत जादा सुतळी, दाभण, गॅसची न फोडलेली एक कुपी बाहेर वेगळी, आणि कागदावर यादी: इंद्रायणी तांदूळ पाटणच्या बाजारातून, गूळ कराडचा, मोजे नवे, ढेबेवाडीत डबा ठेवायला घर बघायचं आहे.